गर्भातील लेकराची राखण

शास्त्रपाठ : शास्ते १३:२-१४, स्तोत्रसंहिता १३९:१३-१६, लूक १:३९-५६

पाठाचा उद्देश : गरोदरपणी दारू, तंबाखू, अफू व इतर मादक पदार्थांविषयी जी चौकशी व तपासणी होते ती कशासाठी असते हे समजून घेणे, आणि आईच्या मनात भीती न राहता ती कशी व्हावी, याविषयी मंडळीचे कर्तव्य ओळखणे.



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या उज्जैनच्या मंडळीतील एका तरुण बहिणीला दिवस गेले होते. पहिलेच बाळंतपण. तिचे माहेर नगर जिल्ह्यातले. लहानपणापासून तिला मिश्री लावण्याची सवय होती. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू सकाळी दातांना लावायची, दुपारी कामे आटोपली की पुन्हा लावायची, आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा. तिची आई लावीत होती, आजी लावीत होती. त्यात काही वावगे आहे असे त्या घरी कोणाला कधी वाटले नव्हते.

दवाखान्यात नाव नोंदवायला ती गेली तेव्हा तिच्याबरोबर तिच्या सासूबाई होत्या आणि माझी पत्नीही होती. कार्ड भरणाऱ्या बाईंनी सर्वांदेखत विचारले, "तंबाखू, मिश्री, दारू, काही घेता का?" तिने खाली मान घालून "नाही" म्हटले. कार्डावर "नाही" लिहिले गेले आणि विषय तेथेच संपला.

आठव्या महिन्यातच ती बाळंत झाली. बाळ दोन किलोंपेक्षाही पुष्कळ कमी वजनाचे होते. देवाच्या दयेने ते वाचले. आता ते आमच्या रविवारच्या शाळेत पुढच्या बाकावर बसते. हे मिश्रीमुळेच झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि एकाच बाळाविषयी तसे ठामपणे कोणाला म्हणताही येत नाही. परंतु पुढे कितीतरी महिन्यांनी ती बहीण माझ्या पत्नीजवळ रडली. ती म्हणाली, "वहिनी, मी खरे सांगणार होते. पण शेजारी सासूबाई होत्या. आणि आदल्याच रविवारी भाऊंनी उपदेशात सांगितले होते ना, की तंबाखूला हात लावणाऱ्या बाईने प्रभुभोजनाला हात लावू नये."

ते शब्द माझेच होते. मी ते मोठ्या आवेशाने बोललो होतो आणि उपासनेनंतर दोघातिघांनी माझे अभिनंदनही केले होते. परंतु त्या शब्दांनी एकाही बाईची मिश्री सुटली नाही. एका आईचे तोंड मात्र बंद झाले, आणि तेही नेमके जेथे ते उघडायला हवे होते तेथे. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनाला टोचत आहे. म्हणून आज तो आपणांपुढे पाठाच्या रूपाने मांडत आहे.

१. मानोहाच्या बायकोला मिळालेली सूचना

शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात शमशोनाच्या जन्मापूर्वीची हकीकत आहे. सरा गावचा मानोहा व त्याची बायको यांना मूलबाळ नव्हते. देवाचा दूत त्या स्त्रीला भेटला आणि तुला मुलगा होईल असे त्याने तिला सांगितले. त्याबरोबरच त्याने अशीही सूचना दिली की तिने द्राक्षारस किंवा कोणतेही मादक पेय पिऊ नये व अशुद्ध काही खाऊ नये.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी. ही सूचना नाजीराच्या व्रताशी संबंधित आहे. तो मुलगा जन्मापूर्वीपासून देवाला वाहिलेला असणार होता, म्हणून ते व्रत त्याच्या आईपासून सुरू झाले. या वचनांत आजचे वैद्यकशास्त्र शोधू नये. तरी एक सत्य त्यांत स्पष्ट आहे : आईच्या मुखात जे जाते ते उदरातील लेकराचेही होते. बाळाचे पथ्य आईपासूनच सुरू होते.

आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, दूताने त्या स्त्रीवर आरोप केला नाही. तू पितेस काय, किती पितेस, असा जाब त्याने विचारला नाही. आनंदाची वार्ता आधी दिली आणि सावधगिरीची सूचना तिला लागूनच दिली. दुसरी, त्याने प्रथम तिलाच सांगितले. दुसऱ्यांदाही तो आला तेव्हा ती शेतात एकटी होती. नवरा जवळ नव्हता. तिच्या देहाविषयीची गोष्ट प्रथम तिच्याशीच बोलली गेली. तिसरी, मानोहाने आपल्या बायकोवर संशय घेतला नाही. होणाऱ्या मुलाचे आम्ही काय करावे ते आम्हांस शिकव, अशी त्याने प्रार्थना केली, आणि दूत पुन्हा आला तेव्हा तो उठून आपल्या बायकोच्या मागोमाग गेला. दवाखान्याच्या दारापर्यंतही न जाणाऱ्या आपणां पुरुषांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

सूचना, एकांत आणि घरच्यांची साथ या तीन गोष्टी मनात ठेवून आता आपण आजच्या काळाकडे वळू.

२. आपल्या घरातले पदार्थ

मादक पदार्थ म्हटले की आपल्याला मोठ्या शहरांतील बिघडलेली तरुण मुले आठवतात. परंतु आपण राहतो तो माळवा या पदार्थांना अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि उज्जैन ही त्या व्यापाराची एक मोठी पेठ होती. आजही आमच्याच महसुली विभागातील मंदसौर, नीमच व रतलाम या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. भांगेचे म्हणावे तर १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाच्या व्याख्येत गांजाच्या झाडाची नुसती पाने येत नाहीत, त्यामुळे पानांच्या भांगेचा प्रश्न राज्यांच्या नियमांवर सोडलेला आहे. सणासुदीला भांग घोटली जाते तेव्हा पुष्कळांना ती नशा वाटतच नाही.

दारूविषयी सांगायचे तर १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश सरकारने उज्जैनसह काही धार्मिक नगरांतील दारूची दुकाने बंद केली. ही चांगली गोष्ट झाली. पण दुकान बंद झाले म्हणून घरातील बाटली रिकामी होतेच असे नाही.

आणि आपल्या मराठी घरांत, दारूपेक्षाही अधिक, तंबाखू आहे. २०१६-१७ साली देशभर झालेल्या तंबाखूविषयक पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा १४.२ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले, आणि त्यांत बहुतेक जणी धूर न काढता ती तोंडात ठेवणाऱ्या होत्या. दिल्लीच्या एम्स संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दारू घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा १.६ होते. म्हणजे बाटलीवर रागावणारे आपण डबीकडे मात्र दुर्लक्ष करतो.

जुनी माणसे बाळगोळीची आठवण सांगतात. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत आणि कामावर जात. १९२० नंतर मुंबई सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी केली, तेव्हा ही चाल जवळजवळ घरोघरी असल्याचे दिसून आले. त्या आया दुष्ट नव्हत्या. दहा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बाईजवळ रडणारे मूल सांभाळायला कोणी नव्हते. तिला दोष देणारे पुष्कळ होते. पाळणाघर उघडणारे थोडे. हा भेद आपण या पाठात विसरू नये.

३. उदरात काय घडते

वार ही आई व बाळ यांच्यामधली भिंत आहे असा पुष्कळांचा समज असतो. ती भिंत नसून दार आहे. अन्नरस त्याच दाराने जातो, आणि दारू, निकोटीन, अफू व पुष्कळशी औषधेही त्याच दाराने जातात. बाळाचे यकृत अद्याप कोवळे असते. आईचे शरीर जे काही तासांत बाहेर टाकते ते बाळाला तितक्या लवकर टाकता येत नाही.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात हृदय, मेंदू, हातपाय यांची घडण होते. या वेळी पुष्कळ स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत हे नीट ठाऊकही नसते. म्हणून नाव नोंदवणे जितके लवकर तितके चांगले. पहिल्या बारा आठवड्यांत तर झालेच पाहिजे.

दारूमुळे बाळावर काय परिणाम होतो हे वैद्यांनी फार उशिरा ओळखले. फ्रान्समधील नान्त येथील डॉ. पॉल लमोआन यांनी १९६८ साली दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे १९७३ साली अमेरिकेतील सिएटल येथील डॉ. केनेथ जोन्स व डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी या विकाराला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिले. अशा मुलांची वाढ खुंटते, चेहऱ्याची ठेवण बदलते, शिकणे व लक्ष देणे कठीण जाते, आणि हे आयुष्यभर राहते. गरोदरपणी अमुक इतकी दारू चालेल असे सुरक्षित प्रमाण कोणालाही सांगता आलेले नाही. तंबाखूने, मग ती ओढलेली असो की मिश्री म्हणून लावलेली, बाळाचे वजन कमी भरण्याचा, दिवस पुरण्याआधी प्रसूती होण्याचा आणि मूल मृत जन्मण्याचा धोका वाढतो. घरातील पुरुषांच्या विडीचा धूरही निरुपद्रवी नाही.

अफू व तिच्या जातीच्या पदार्थांची आईला सवय असेल, तर जन्मानंतर एकदोन दिवसांत बाळ थरथरू लागते, कर्कश रडते, नीट पीत नाही. उदरात रोज मिळणारा पदार्थ एकाएकी बंद झाल्याचे ते दुःख असते. यावर उपचार आहेत. मात्र डॉक्टरांना आधी ठाऊक असले पाहिजे.

केवळ नशेच्या पदार्थांचीच ही गोष्ट नाही. थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले व पुढे इतर देशांत पसरले. गरोदर स्त्रिया मळमळ थांबावी म्हणून ते घेऊ लागल्या. जर्मनीचे डॉ. लेन्झ व ऑस्ट्रेलियाचे डॉ. मॅकब्राइड यांनी इशारा दिल्यानंतर, १९६१ च्या अखेरीस, जर्मनीत ते मागे घेतले गेले. तोपर्यंत जगात दहा हजारांहून अधिक मुले हातापायांच्या व्यंगांसह किंवा इतर दोषांसह जन्मली होती. म्हणून डॉक्टरांनी औषधांविषयी विचारले तर दुकानातून आणलेल्या गोळ्या, काढे, मात्रा, सर्व काही सांगावे.

येथे एक मोठी सावधगिरी आहे. हा पाठ ऐकून कोणी घरी जाऊन औषध किंवा जुनी सवय एका दिवसात तोडू नये. फेफऱ्याचे औषध अचानक बंद केले तर आई व बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. अफूची किंवा भरपूर दारूची जुनी सवयही एकदम तोडणे धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. मिश्री व तंबाखू मात्र ज्या दिवशी सुटेल तो दिवस चांगला.

४. तपासणी म्हणजे काय

आपल्या देशात गरोदर स्त्रीचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवीतील साखर व प्रथिने, एचआयव्ही, गरमीचा रोग इत्यादींची तपासणी नेहमी होते. मादक पदार्थांची लघवीची चाचणी त्या नेहमीच्या यादीत नाही. काही देशांत ती पुष्कळ ठिकाणी होते, आणि आपल्याकडेही डॉक्टरांना गरज वाटल्यास ती करता येते. म्हणून तिचे गुण व तिच्या मर्यादा समजून घ्याव्या.

लघवीत एक पट्टी बुडवितात. ठरावीक पदार्थ ठरावीक प्रमाणाहून अधिक असेल तर पट्टीवर तशी खूण दिसते. ही पहिली चाळणी होय. चाळणीत अडकलेला प्रत्येक खडा खडाच असतो असे नाही. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी प्रयोगशाळेत दुसरी, अधिक अचूक चाचणी करावी लागते. अफूच्या जातीचे पदार्थ साधारण दोनतीन दिवस सापडतात. गांजा-भांग अधिक दिवस, आणि रोजची सवय असेल तर कित्येक आठवडे. दारू तर थोड्या तासांतच निघून जाते, आणि तंबाखू या नेहमीच्या पट्टीवर दिसतच नाही. म्हणजे आपल्या घरांत ज्या दोन गोष्टी सर्वांत अधिक नुकसान करतात, त्याच या पट्टीतून निसटतात.

याउलट निरपराध स्त्री अडकू शकते. माळव्यात आणि महाराष्ट्रातही खसखस आवडीने खातात. डिंकाच्या लाडवात, शिऱ्यात, भाजीच्या वाटणात ती असते, आणि गर्भवतीला तर आग्रहाने देतात. खसखस ही अफूच्याच बोंडातील बी आहे. ती खाल्ल्याने नशा येत नाही, परंतु लघवीच्या चाचणीत अफूची खूण उमटू शकते. सासूने प्रेमाने दिलेल्या लाडवावरून सुनेला अफूबाज ठरवले तर केवढा अन्याय होईल! तेव्हा पट्टी काय दाखवते याहून आई काय सांगते हे अधिक मोलाचे आहे. आणि ती काय सांगते, हे तिला विचारणारा कसा विचारतो यावर अवलंबून आहे.

५. राखण करणारी तपासणी व पळवून लावणारी तपासणी

अमेरिकेतील चार्ल्सटन शहरातील एका सरकारी रुग्णालयाने १९८९ साली पोलिसांच्या संगनमताने एक नियम केला. कोकेन घेत असल्याचा संशय आला की गर्भवतीची लघवी तिची संमती न घेता तपासायची आणि निकाल पोलिसांना कळवायचा. काही स्त्रियांना बाळंतपण होताच, अंथरुणावरून, बेड्या घालून नेण्यात आले. हेतू बाळाच्या रक्षणाचा असल्याचे सांगितले गेले. परंतु डॉक्टरांच्या मोठमोठ्या संस्थांनी न्यायालयात सांगितले की अशा भीतीने ज्या स्त्रियांना उपचारांची सर्वांत अधिक गरज आहे त्याच दवाखान्यापासून दूर राहतील. दहा स्त्रियांनी दाद मागितली. फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्सटन शहर या खटल्यात २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की पोलिसांसाठी, रुग्णाच्या संमतीवाचून, अशी झडती घेणे राज्यघटनेविरुद्ध आहे.

बाळाच्या नावाने आईला पकडले, तर आई पळते. आणि आई पळाली की बाळही तिच्याबरोबर जाते, कारण ते तिच्या उदरात आहे. आईला वगळून बाळाची राखण करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातील पहिली शिफारस अगदी साधी आहे : प्रत्येक गर्भवतीला दारू व इतर पदार्थांविषयी शक्य तितक्या लवकर, आणि प्रत्येक भेटीच्या वेळी, विचारावे. सर्वांना विचारले की कोणाला वेगळे काढल्यासारखे होत नाही. पहिल्या वेळी जी "नाही" म्हणाली ती तिसऱ्या वेळी विश्वास बसल्यावर "होय" म्हणू शकते. आमच्या त्या बहिणीला एकांतात, पुन्हा एकदा, कोणी विचारले असते तर?

आपल्या देशाचा कायदाही या बाबतीत निव्वळ कठोर नाही. १९८५ च्या त्याच कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वतः होऊन रुग्णालयात उपचार घेईल आणि ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालविला जात नाही. कायद्याने बरे होण्यासाठी दार उघडे ठेवले आहे. मंडळीने ते बंद करावे काय?

६. अलीशिबेचे घर

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरीया डोंगराळ प्रदेशातील अलीशिबेच्या घरी गेली. तिची स्थिती आपण जाणतो. तिचे लग्न झालेले नव्हते आणि ती गर्भवती होती. गावात बोलायला लोक कमी नसतील. अलीशिबेने दारातच तिला जाब विचारला नाही. तिने प्रथम तिला व तिच्या उदरातील फळाला धन्य म्हटले. मरीया तेथे सुमारे तीन महिने राहिली. आपल्याकडे गर्भवती माहेरी जाते. मरीयेला अलीशिबेचे घर माहेर झाले. माहेरी बाई खोटे बोलत नाही, कारण तिला तेथे खोटे बोलण्याची गरज पडत नाही.

मंडळी हे गर्भवतीचे माहेर व्हावे. ते कसे व्हावे याविषयी काही साध्या गोष्टी सांगतो.

व्यासपीठावरून पापाविषयी बोलावेच. परंतु गरोदर बहिणीला मनात धरून, सर्वांनी ओळखावे अशा रीतीने, बोलू नये. हे मी स्वतःला आधी सांगतो.

महिला संघाने दोन विश्वासू, तोंडाने जड अशा बहिणी निवडाव्या. मंडळीत कोणाला दिवस गेले की त्यांनी तिच्याकडे जावे, खाऊ न्यावा आणि एकांतात विचारावे. जे कळेल ते नवऱ्याला, सासूला वा पाळकांनाही तिच्या परवानगीवाचून सांगू नये. तिला डॉक्टरांना सांगण्यास धीर द्यावा आणि हवे असल्यास तिच्याबरोबर जावे. दवाखान्यात बोलण्याची वेळ आली की सासूबाईंना दोन मिनिटे बाहेर बसवून घ्यावे. तेवढी युक्ती आपल्या बायकांना सहज जमते.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. ही तारीख मंडळीच्या सूचनाफलकावर लिहावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांकही तेथेच लिहावे. विचारायला लाज वाटणारा मनुष्य फलक मात्र वाचतो.

पुरुषांसाठी एकच गोष्ट. बायकोला दिवस गेले की घरातील बाटली, विडी व तंबाखूची डबी तिच्या नव्हे, तुमच्या हाताने बाहेर जावी. ती एकटी पथ्य पाळील आणि तुम्ही तिच्यासमोर बसून प्याल, तर ते मानोहाचे वागणे नव्हे.

त्या बहिणीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती आपण होऊन माझ्या पत्नीकडे आली. डॉक्टरीणबाईंना तिने सर्व सांगितले. मिश्री एकदम सुटली नाही. दोनदा सुटली आणि दोनदा पुन्हा लागली. तिसऱ्यांदा सासूबाईंनी स्वतःची डबीसुद्धा तिच्याबरोबर चुलीत टाकली. हो, सासूबाईही लावीत होत्या! त्याच सासूबाईंच्या भीतीने ती खोटे बोलली होती. पुरे दिवस भरून मुलगी झाली. तिच्या समर्पणाच्या दिवशी पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितले. प्रार्थना करण्यापूर्वी मी त्या बहिणीची क्षमा मागितली.

चर्चेसाठी प्रश्न

१. दूताने मानोहाच्या बायकोला सूचना ज्या रीतीने दिली आणि आपण एकमेकांना ज्या रीतीने सूचना देतो, यांत काय फरक आहे?

२. आपल्या घरांत कोणत्या सवयी "नशा" म्हणून मोजल्याच जात नाहीत? त्यांपैकी कोणत्या गर्भवतीला अपायकारक आहेत?

३. लघवीची चाचणी आणि विश्वासाने विचारलेला प्रश्न, यांतील कोणत्या गोष्टीने काय कळते व काय कळत नाही?

४. आपल्या मंडळीत एखादी गर्भवती खरे सांगू इच्छित असेल तर ती कोणाकडे जाईल? कोणी नसेल तर आपण काय करावे?

शिक्षकांस सूचना : लहान मुलांच्या वर्गात हा पाठ घेऊ नये, तेथे स्तोत्रसंहिता १३९ मधील भाग घेऊन देव आपल्याला जन्मापूर्वीपासून ओळखतो एवढेच शिकवावे. मोठ्या मुलांच्या, तरुणांच्या व पालकांच्या वर्गांत पूर्ण पाठ घ्यावा. वर्गात कोणालाही स्वतःच्या सवयीविषयी सर्वांसमोर बोलायला लावू नये. कोणी नंतर एकटे भेटायला आले तर घड्याळाकडे न पाहता ऐकून घ्यावे.

प्रार्थना : हे देवबापा, उदरातील लेकरांना तू पाहतोस आणि त्यांच्या आयांनाही पाहतोस. आमच्या जिभेने ज्या आईला गप्प केले असेल तिची आम्हांला क्षमा करू दे. आमच्या घरांतून जे बाहेर जावे ते आमच्याच हातांनी बाहेर घालव, आणि आमची मंडळी भ्यालेल्या आईसाठी माहेर कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.